पावण्यांचं नेटवर्क

अक्का तुम्हाला चहा द्यायच्या, डब्यातली अर्धी भाकरी द्यायच्या, बाहेर ऊन असलं तर स्वतःची छत्रीही द्यायच्या. वायफायचा पासवर्ड मात्र द्यायच्या नाहीत. जिथे अनोळखी माणसालाही आपण पावणं म्हणतो, त्या कोल्हापुरात असं 'नाही' म्हणायला केवढी छाती लागते!

आमच्या दूध संस्थेच्या कचेरीत त्या खरेदी विभागाच्या प्रमुख. मी शेजारच्या टेबलावर, म्हणजे पहिल्या रांगेतला प्रेक्षक. त्या येण्याआधी आमचा पासवर्ड भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असे. एका सकाळी प्रिंटरने आपणहून घरघर सुरू केली आणि शेजारच्या बंगल्यातल्या बारशाची पत्रिका बाहेर आली. रंगीत. मग आणखी एक, मग आणखी. चेअरमनसाहेब म्हणाले, "असू दे, शेजारी हाईत." अक्का गठ्ठा घेऊन शेजारी गेल्या, बाळाला पाहिलं, पेढा खाल्ला आणि परत येऊन पासवर्ड बदलून टाकला.

नेटवर्कचे सगळे शब्द त्यांनी आपल्या घरात नेऊन बसवले होते. नेटवर्क बघायला आलेला इंजिनिअर 'एन्क्रिप्शन' म्हणाला तेव्हा आम्ही नुसत्या माना डोलावल्या. अक्का कर्नाटकच्या सीमेलगतच्या गडहिंग्लजच्या. म्हणाल्या, "म्हंजे पावण्यांसमोर आम्ही घरात कन्नड बोलतो, तसं की. ऐकू सगळ्यांस्नी येतंय, कळतंय घरच्यांस्नीच."

"अगदी तेच," इंजिनिअर खूश झाला.

वीज गेली की प्रिंटरचा आयपी पत्ता बदलायचा आणि आमचे कागद जुन्याच पत्त्यावर जाऊन अडकायचे. "ह्याचं बिऱ्हाड सारखं हालतंय. कायमचा पत्ता देऊन टाका," अक्कांनी फर्मावलं. त्यानंतर प्रिंटर कधी हरवला नाही. मग त्यांनी बाहेरच्यांसाठी वेगळं नेटवर्क करून घेतलं आणि त्याला नाव दिलं 'पावणं'. त्यावर इंटरनेट भरपूर, पण आमचा प्रिंटर आणि आमच्या फायली दिसायच्या नाहीत. "बाहेरच्या सोप्यात निवांत बसा. माजघरात काय काम?"

आणि एक दिवस सोप्यात जावईच आले. पशुखाद्याचे दर मागवले होते, सगळ्या व्यापाऱ्यांचे आले होते, राहिले होते फक्त चेअरमनसाहेबांचे पुतणजावई. त्यांना दरपत्रक छापायचं होतं, म्हणून आतल्या नेटवर्कचा पासवर्ड हवा होता. बाकीच्यांचे दर त्याच नेटवर्कवर पडलेले.

"द्या की अक्का, घरचं जावई हाईत," साहेब म्हणाले.

"जावई म्हंजे थोरलं पावणंच की. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान हाय, तिथं छापून मिळंल."

साहेब हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही. "चंदगडच्या केंद्रात एक जागा रिकामी हाय, अक्का. पाऊस लई असतोय तिथं."

"छत्री हाय माझ्याकडं."

जावई भर उन्हात कोपऱ्यावर गेले. दर उघडले तेव्हा त्यांचाच सगळ्यांत कमी निघाला. झालं! वार्षिक सभेत पेठ वडगावचे एक सभासद उभे राहिले. "दुसऱ्यांचं दर बघूनच ह्यांनी आपला भरलाय, व्हय का न्हाय?" सभा उसळली. जावई व्यासपीठावर साहेबांच्या शेजारीच बसलेले. साहेबांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांच्या चंदगडच्या बदलीचा कागद अजून साहेबांच्याच टेबलावर सहीविना पडून होता.

अक्का उठल्या. "पासवर्ड मागितला हुता. साहेबांनी द्या म्हणून सांगितलं हुतं. मी दिला न्हाई. जावई पावण्यांच्या नेटवर्कवर हुतं, दर आतल्या. त्यांनी आपल्या हिशोबानं भरलाय."

वडगावकर म्हणाले, "अक्का सांगत्यात तर मिटलं," आणि बसले.

चंदगडचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. गेल्या वर्षी अक्का आमच्याच कचेरीतून निवृत्त होऊन गावी गेल्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या सभेचा शेवट आहे. आपल्याकडे जावयाच्या पाया पडतात. त्या दिवशी भरल्या सभेत जावई व्यासपीठावरून खाली उतरले आणि अक्कांसमोर वाकले. दुसरी कुणी असती तर संकोचाने मागे सरली असती. अक्का जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी तो नमस्कार पुरता घेतला.