पांढऱ्या फुलाची शेंग

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

मी तळेगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. नऊ वर्षांपूर्वी, नोकरी कच्ची असताना, मळवलीजवळच्या एका पाणथळ जागेची पाहणी माझ्याकडे आली. तिथे बंगले व्हायचे होते. त्याआधी काय काय उगवतं ते लिहून द्यायचं होतं.

झऱ्याकाठी मोहरीच्या कुळातलं एक बुटकं रोप दाटलं होतं. ओढ्याओढ्याला दिसतं तेच तण, असं मी धरून चालले. शेजारच्या खाचरात लावणी करणाऱ्या पारूमावशी हसल्या. उन्हाळ्यात त्यांची वस्ती त्याच झऱ्याचं पाणी प्यायची.

“ताई, ती पिवळ्या फुलाची. ही पांढऱ्याची. दोनी येगळ्या हायेत. हिच्या शेंगेला बोट लावा.”

लावलं. शेंग तडकली, सालं गुंडाळली, बी उडालं. पिवळीची शेंग अशी तडकत नाही. तिच्यात बी दोन ओळींत असतं, हिच्यात एका. पानं मात्र जवळपास सारखीच. घरी भिंगाखाली सगळं ताडून पाहिलं — या भागात तिची नोंदच सापडेना. मावशींना म्हणाले, लिहिते. त्यांनी वस्तीभर सांगितलं — कॉलेजच्या ताई लिहिणार, आता झरा बुजवत नाहीत.

मग? आमचे विभागप्रमुख म्हणाले, नवीन काही निघालं तर बांधकाम अडेल. तुम्हाला कायम व्हायचंय ना? एवढंच. धमकी होती का ती? मी तर घाबरायला तयारच बसले होते.

अहवालात मी दोन्ही एकच लिहिल्या — पिवळ्या फुलाचं तण, सर्वत्र आढळणारं. चुकून नाही. फरक मला कळला होता. वाळवून ठेवलेलं रोप कचऱ्यात टाकलं — मीच, माझ्या हाताने.

झऱ्यावर मुरूम पडला. मी कायम झाले.

पुढचे चार पावसाळे कुसगावपर्यंत ओढे धुंडाळले. पिवळीच पिवळी. पांढरं एक फूल नाही. आणि सापडलं असतं, तर काय केलं असतं मी?

गेल्या महिन्यात मळवली स्टेशनावर पारूमावशी भेटल्या. त्याच बंगल्यांत झाडलोट करतात. वस्तीला टँकर येतो. माझा उतरलेला चेहरा बघून त्यांनीच माझा हात धरला.

“तुमी तर लिवलं व्हतं, ताई. त्यांनीच ऐकलं न्हाई.”

आणि मी — हो म्हणाले.