मंगळवार-शुक्रवारची साखर

तीन दिवस धाकटीचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा गाळताना गाळणी कपाबाहेर धरायची, कुलूप लावून दोनदा ओढून बघायची.

ती एका संशोधन संस्थेत होती. माणसाने किती खाल्लं, किती इन्सुलिन टोचलं, यावरून रक्तातली साखर पुढे कशी चढेल-उतरेल याची समीकरणं मांडायची, हे तिचं काम. देवाने घडवलेलं शरीर कागदावर पुरतं उतरत नाही, हे तिलाही मान्य. पण चाल थोडीफार उतरते, म्हणायची. वहिनीने एकदा टोमणा मारला, की जगाच्या पोटांचं गणित मांडतेस, सख्ख्या भावाच्या पोटाकडेही बघ जरा. म्हणून दादाचं गणित सुरू झालं.

दादा बस चालवायचा. साखरेचं दुखणं सहा वर्षांचं. वहिनी रोजची साखर, जेवण, सगळं कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची, आणि दादा न्हाणीघरातून "टोचलं गं" म्हणाला की इंजेक्शनपुढे खूण करायची.

धाकटीने दीड महिन्याच्या नोंदी घेतल्या. इतर दिवशी समीकरण साखरेच्या पावलावर पाऊल टाकायचं; मंगळवार-शुक्रवार आला की तोंडघशी पडायचं. तिने साखर मोजायचं यंत्र बदललं, जेवण पुन्हा विचारलं. त्या दिवशी घाटाची फेरी असते, ताण येत असेल, असं वहिनी म्हणाली. समीकरणात ताणही घालून झाला. तिसऱ्या दिवशी वैतागून तिने त्या दोन दिवसांच्या इंजेक्शनच्या जागी शून्य टाकलं. रेषा अलगद आकड्यांवर जाऊन बसली.

म्हणजे त्या दोन दिवशी दादा टोचतच नव्हता. साखर चढी दिसते म्हणून डॉक्टर उद्या डोस वाढवणार होते. तो वाढीव डोस दादा बाकीच्या दिवशी घेणार, आणि भर रस्त्यात त्याची साखर कोसळणार.

ती तडक आगारात गेली. दादा बसचा आरसा पुसत होता. तिने आडपडदा न ठेवता विचारलं. त्याने आधी हसण्यावारी नेलं, मग तुझ्या कागदाला काय कळतं म्हणाला, मग आरशावरचं फडकं थांबलं.

"एकदा घाटात साखर उतरली, समोरचा रस्ता पांढरा झाला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मागे बावन्न माणसं. तेव्हापासून त्या दोन दिवशी टोचत नाही. माणसांसाठीच ना?"

"आणि बाकीच्या दिवशी बसमध्ये माणसं नसतात?"

दादा फडकं पिळत राहिला. खरं सांगितलं तर हातातलं बसचं चाक जाईल, एवढंच पुटपुटला.

"उद्या तू सांग. नाहीतर मी सांगते. मग बोलू नकोस माझ्याशी, चालेल."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी कॅलेंडर चाळलं, पेन उचललं. धाकटी बाकाच्या कडेवर बसली होती. पाय एकसारखा हलत होता. वहिनीने गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला. डॉक्टर लिहू लागले. धाकटीने तोंड उघडलं, तेवढ्यात दादा म्हणाला, "थांबा. सगळ्या खुणा खऱ्या नाहीत."

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं, मग आपल्याच अक्षराकडे.

डोस वाढला नाही. आगारासाठी चिठ्ठी मिळाली: साखर ताब्यात येईपर्यंत गाडी चालवायची नाही. परतताना दादा दोघींच्या दहा पावलं पुढे चालला. वहिनीने धाकटीचा हात धरला आणि विचारलं, तुझं गणित सांगेल का, हा किती दिवस बोलायचा नाही. धाकटीला हसू आलं नाही.