सात नंबरच्या चित्रातला खोकला

सुरुवातीलाच सांगून टाकतो. भूत, भानामती, अंगात येणं, यातलं काहीही मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हतो आणि खाली लिहितोय ते सगळं घडून गेल्यावरही मानत नाही. सातपूरच्या एका कारखान्यात माझी उभी हयात इन्स्पेक्शनमध्ये गेली. माप बरोबर असेल तर पास, नसेल तर रिजेक्ट... मधलं काही आमच्याकडे नसतं. त्यामुळे हे मी अंधश्रद्धा पसरवायला लिहीत नाहीये. जसं घडलं तसं लिहितोय, बस.

साल त्र्याऐंशी, डिसेंबरचा महिना. माझा मित्र वसंत आमच्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. चार वर्षांपूर्वी त्याने ती पर्मनंट नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ चित्रं काढायला लागला. तीही ॲब्स्ट्रॅक्ट. झाड नाही, बाई नाही, देऊळ नाही. नुसते रंगांचे थर आणि पट्टे. यावरून त्याचं वडिलांशी बिनसलं होतं एवढं मला माहीत होतं. त्याचे वडील सटाण्याजवळच्या एका खेड्यात शेती करत. "रेघोट्या मारायच्या असतील तर या घरात पाय ठेवू नको," असं ते म्हणाले होते आणि त्यानेही ठेवला नव्हता.

तर वसंतचं हे पहिलंच प्रदर्शन. नाशिकला रविवार कारंज्याच्या मागे एका संस्थेचं पहिल्या मजल्यावरचं सभागृह पाच दिवसांसाठी मिळालं होतं. अठरा चित्रं. दारापाशी टेबल, टेबलावर अभिप्रायाची वही आणि तिथे मी — कारखान्यातून रजा काढून बसलेलो.

नाशिककरांना तेव्हा असल्या चित्रांची सवय नव्हती. आमचा एक सुपरवायझर दोन फेऱ्या मारून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "कुलकर्णी, एक-दोन उलटी टांगलीत का बघा जरा." एका बाईंनी "पडद्याच्या कापडाला हे डिझाइन शोभून दिसेल" असं वहीत लिहिलं, आणि ते अगदी मनापासून. एक वयस्कर गृहस्थ प्रत्येक चित्रासमोर मान हलवत "अच्छा... अच्छा" म्हणत गेले आणि बाहेर पडताना मला विचारलं, "चित्रं कुठे आहेत?" वसंत हसायचा, पण दुपारपर्यंत त्याचा चेहरा उतरला होता.

त्या पहिल्याच दिवशी चारच्या सुमारास पगारे सर आले. निवृत्त शिक्षक, पांढरा सदरा, हातात काठी. सोबत मुलगी सुजाता. ती एका शाळेत चित्रकला शिकवायची. सरांना दिसत नव्हतं. दहा-बारा वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले होते. "जयभीम," त्यांनी दारातच मोठ्याने म्हटलं आणि मला सांगितलं, "ही बघते आणि मला सांगते. आमचं असंच चालतं."

खरंच तसंच चाललं. सुजाता (वडिलांना ती दादाच म्हणायची) एकेका चित्रासमोर उभी राहून सांगायची, "दादा, इथे डावीकडे गडद निळा आहे, त्यात मधेच एक पिवळी फट." सर ऐकायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि पुढे. मला गंमत वाटली. डोळे असणाऱ्यांपेक्षा हा माणूस जास्त वेळ देत होता.

सात नंबरपाशी मात्र सुजाता बोलायला लागली तसा सरांनी हात वर केला.

"थांब जरा. इथे कोण बसलंय?"

"कोणी नाही दादा."

"खोकतंय ना कोणीतरी. म्हातारं माणूस आहे." मग माझ्या दिशेने वळून, "अहो, त्यांना जरा पाणी द्या."

सात नंबर म्हणजे राखाडी आणि तपकिरी रंगाचे जाडजूड थर, सुरीने ओढलेले. जवळपास खुर्चीसुद्धा नव्हती. खाली रस्त्यावर कोणी खोकलं असेल म्हणून मी खिडकीतून डोकावलो. रस्ता मोकळा होता. म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला घाला म्हणून मी स्टुलावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि स्टूल त्या चित्राखाली सरकवलं. सरांचं समाधान झालं. पण त्या दिवशी त्यांनी पुढची चित्रं पाहिली नाहीत. "उद्या येतो," म्हणाले.

आता माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडल्यावर वसंत चहाला गेला होता, तेवढ्यात मी सात नंबरचं चित्र काढून समोरच्या भिंतीवर पंधराच्या जागी लावलं आणि पंधरावं साताच्या जागी. नंबरच्या चिठ्ठ्यासुद्धा बदलल्या. कोणाला काही सांगितलं नाही. भिंतीत पोकळी असेल, खिडकीचा वारा असेल, तर खोकला जुन्याच जागी ऐकू येणार... साधं लॉजिक.

सर आले. वसंत अजून चहावरून परतला नव्हता. मी सुजाताला विनंती केली, "आज तुम्ही काही सांगू नका, त्यांना नुसतं भिंतीकडेने चालवा." ती तयार झाली. सर काठी टेकत जुन्या जागेवरून सरळ पुढे गेले. मी मनात म्हटलं, संपला विषय. मग ते वळून समोरच्या भिंतीशी आले आणि पंधराच्या जागी टांगलेल्या त्या सात नंबरपुढे थांबले. अगदी नेमके तिथेच.

"आज जास्त झालंय," ते हळू आवाजात म्हणाले. "दम लागलाय त्यांना. बापू कोण आहे इथे? ते बापूला हाका मारतायत."

"बापू नावाचं इथे कोणी नाही सर," मी म्हणालो. मी स्वतः दिलीप, आणि वसंत म्हणजे वसंत.

मागे टेबलाचा आवाज झाला. वसंत चहा घेऊन परत आला होता आणि टेबलाला धरून उभा होता.

"खोकल्यावर ते काय करतात?" त्याने सरांना विचारलं.

सर थोडा वेळ ऐकत राहिले. "दोनदा खोकतात. मग घसा साफ करून लांब 'हं' म्हणतात. जसं काही कोणाला हो म्हणतायत."

मग वसंतने जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. आमची आठ वर्षांची मैत्री, पण घरी त्याला बापू म्हणतात हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. आणि सात नंबरच्या त्या राखाडी थराखाली त्याच्या वडिलांचं चित्र होतं. नोकरी सोडण्याआधी त्याने मन लावून काढलेलं, ओसरीवर बसलेले, गळ्यात मफलर. भांडण झालं त्याच आठवड्यात त्याने सुरी घेऊन त्यावर रंग थापला. "कॅनव्हास वाया कशाला घालवायचा, असं मी स्वतःला सांगितलं होतं," तो म्हणाला.

मी चित्र उतरवून खिडकीशी तिरपं धरलं. खूप निरखल्यावर एका खांद्याची कड उमटल्यासारखी वाटली. बस, एवढंच. ज्याला माहीत नाही त्याला तेही दिसलं नसतं.

"तुम्ही जाऊन या," सर म्हणाले. "चित्रं काय, मी आणि सुजाता सांभाळू."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही सटाण्याला गेलो आणि तिथून पुढे त्यांच्या गावाला. वाटेत मी वसंतला समजावत होतो, की वडील ठणठणीत असतील, तुला बघून शिव्या घालतील, आणि त्या खाऊन आपण दुपारच्या गाडीने परत येऊ. माझी खात्रीच होती तशी.

आबा, म्हणजे वसंतचे वडील, खाटेवर होते. आई मागेच वारलेली, बहीण सासरी. चार दिवसांचा ताप, छातीत कफ भरलेला. शेजारची बाई चहा-पेज देत होती, पण डॉक्टरकडे न्यायला आबा तयार नव्हते. त्यांनी वसंतकडे पाहिलं, दोनदा खोकले, आणि... ते लांब "हं" मी माझ्या कानांनी ऐकलं.

जीप मिळवून आम्ही त्यांना सटाण्याच्या दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया निघाला. "अजून एक दिवस घरी ठेवलं असतं तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी सलाईन चालू असताना आबांनी डोळे उघडले. वसंत उशाशी होता, मी पायाशी.

"बापू, त्या मास्तर कोठे गयात?"

"कोनता मास्तर, आबा?"

"दोन दिन मना जोडे बठेल व्हतात ना. त्यास्ले डोयास्नी दिखे ना. पन माले पानी त्यास्नीच देवाडं."

मी नाशिक शहरातला, अहिराणी मला अर्धीमुर्धीच समजते. पण हे समजलं. दोन दिवस एक मास्तर माझ्याजवळ बसले होते, त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण मला पाणी त्यांनीच द्यायला लावलं. तोवर आम्ही आबांना पगारे सरांबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. मी शेजारच्या बाईलाही नंतर विचारलं. त्या घरात कोणी मास्तर आलाच नव्हता.

आबा बरे झाले. दोन महिन्यांनी ते नाशिकला वसंतच्या खोलीवर राहायला आले, तेव्हा मी तिथेच होतो. ते चित्र भिंतीवर होतं. आबा त्यासमोर मांडी घालून बराच वेळ बसले.

"हाई काय काढेल शे, माले तं काही समजत नई," ते म्हणाले.

वसंतने सांगितलं की खाली तुम्हीच आहात, हवं तर वरचा रंग खरडून काढतो.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "माले वर येवानी काही घाई नई."

तिघंही हसलो. चार वर्षांचा तो विषय तिथेच संपला.

आता माझा भाग. मी सगळ्या शक्यता तपासल्या आहेत. सुजाताला काही माहीत असेल? नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी ती काही बोललीही नाही. रंगाचा वास? वासाने बापू हे नाव कळत नाही. योगायोग? एक योगायोग मी मान्य करतो, पण इथे चार-पाच एकावर एक आहेत. आणि आबांच्या तापातल्या मास्तरांपाशी आलो की माझी सगळी कारणं संपतात. कोणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनाने ऐकेन. पण उगाच माझ्या समाधानासाठी काहीतरी सांगू नका.

पगारे सरांनाही मी पुढे एकदा सरळ विचारलं होतं की चित्रातला माणूस तुम्हाला ऐकू आला तरी कसा. ते थोडे संकोचले.

"अहो कुलकर्णी," ते म्हणाले, "तिथे चित्र होतं हे मला तरी कुठे दिसत होतं? मला माणूसच वाटला."