सोबतीला आलेल्या काकू

माझ्या मित्राच्या आईइतकी दवाखान्यात राहिलेली आणि तरीही दवाखान्याच्या खाटेवर कधी न निजलेली दुसरी बाई अख्ख्या डहाणू-तलासरीत झाली नसेल. काकूंचं घर आशागडला, पण खरा मुक्काम कुणा ना कुणा पेशंटच्या खाटेखाली अंथरलेल्या चटईवर. डोंगरपाड्यावरून कोणी आजारी माणूस खाली उतरला, की तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पिशवीत टाकून काकू सोबतीला हजर. पेशंट तुमचा कोण, असं विचारलं तर चिडायच्या. "एका बसमधून आलो ना? अजून काय पाहिजे!"

त्यांचं मुख्य काम बोलण्याचं. पाड्यावरची माणसं डॉक्टरांसमोर मुकी होतात. काय होतंय, विचारलं की "काय नाय" म्हणून जमिनीकडे बघत राहतात. या 'काय नाय'मधला ताप कुठला आणि पोटदुखी कुठली, हे आपल्याला अचूक कळतं, अशी काकूंची ठाम समजूत. बहुतेकदा ती खरी निघायची, हीच पंचाईत होती. एकदा तलासरीहून पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस शिडीची वाट बघत बाकावर बसला होता. "काय होतंय रे तुला?" काकूंनी विचारलं. "काय नाय," तो म्हणाला. झालं! दंडाला धरून त्याला आत नेलं. "लाजतो बिचारा, पण अंगात ताप आहे," असं डॉक्टरांना सांगून मोकळ्या. सुई बाहेर आली तेव्हा कुठे तो ओरडला, "अहो बाय, मी पंख्याचा माणूस!" काकू समाधानाने म्हणाल्या, "बघा, बोलायला लागला की नाही?"

घरच्यांचे हाल विचारू नका. मित्राच्या लग्नात नवरदेवाची सजवलेली गाडी त्यांनी परस्पर एका अडलेल्या बाईसाठी देऊन टाकली आणि तिच्यासोबत स्वतःही निघून गेल्या. नवरदेव चिकूच्या टेम्पोतून मांडवात उतरला. अक्षता पडल्या तेव्हा आई नव्हती. "लहानपणी मी देवाकडे ताप मागायचो," तो मला हसत म्हणाला होता, "म्हणजे आई माझ्यापाशी बसेल." मला काही हसू आलं नाही.

मग काकूंचंच हृदय थकलं. खाटेवरून उठायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पाया पडून, रागावून मित्राने त्यांना भरती केलं. काळजीने अर्धा झाला होता, तरी मला हळूच म्हणाला, "आता कुठे जाते बघू. दोन गोष्टी माझ्याशीही बोलेल." सकाळभर काकू खाटेवर राहिल्या खऱ्या, पण लक्ष सारखं शेजारच्या खाटेकडे. तिथे पाड्यावरची एक म्हातारी एकटीच पडून होती.

दुपारी मित्र रिपोर्ट आणायला गेला आणि मी चहा आणायला. परत येतो तर काकूंची खाट रिकामी. त्या म्हातारीच्या खाटेखाली, नुसत्या फरशीवर, अंगाची मुटकुळी करून निजल्या होत्या. वरून लोंबणारा म्हातारीचा हात त्यांनी धरून ठेवला होता. मी हाक मारली. मग नर्स आली, डॉक्टर आले, पण तोवर काही उरलं नव्हतं.

"यांना श्वास लागला होता का? हाक का नाही मारलीस?" नर्स म्हातारीला विचारत होती. म्हातारीने सगळं पाहिलं होतं, तिच्या तोंडावरच दिसत होतं. पण ती कुणाला हाक मारणार? आयुष्यात तिने कधी नर्सला हाक मारली नव्हती. काकू गेल्या त्या अशा, माणसांनी भरलेल्या वॉर्डात, भर दुपारी. मला आजही याचा संताप येतो आणि तो कुणावर काढावा, कळत नाही.

मित्र आला. फरशीवरच बसला. मग म्हातारीकडे वळून म्हणाला, "आजी, आई काय बोलली? माझं नाव घेतलं का तिने?" मराठीत विचारलं, गुजरातीत विचारलं, पाड्यावरच्या बोलीतले येत होते तेवढे शब्द जुळवून विचारलं. म्हातारीचे ओठ हलले, डोळे भरले, पण शब्द फुटेना. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. तिला बोलतं करणं एकाच बाईला जमलं असतं, आणि त्या बाईला घरी न्यायला बाहेर गाडी येऊन उभी होती.