ताप उतरला तेव्हा

निरवांगीच्या आमच्या रानात ऊसतोड नुकतीच झाली होती. पाणी धरताना ह्यांच्या तळपायात उसाचं खोडकं घुसलं. हळद भरून फडकं बांधलं आणि हे परत पाण्यावर गेले. पुढं पाय सुजला, हुडहुडी भरली, हे भलतंसलतं बोलायला लागले. बारामतीच्या दवाखान्यात नेल्याबरोबर अतिदक्षता विभागात घेतलं. जखमेतल्या जंतूंनी सगळं अंग धरलं होतं. सेप्सिस, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

मला बसवेना. बाकावरून उठायचं, काचेतून डोकवायचं, जिन्यापर्यंत जाऊन माघारी यायचं. एका सकाळी कळलं, ताप उतरला. सासूबाईंनी तिथंच हात जोडले. डॉक्टरीणबाई मात्र रिपोर्टच बघत राहिल्या.

मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "ताप उतरला म्हणजे बरं वाटतंय असं नाही. शरीर थकलंय. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच मरायला लागल्यात. आता साधा खोकलासुद्धा ह्यांना झेपायचा नाही."

"मंग त्या पेशी जगवायचं औषध द्या की!"

"तशी औषधं शोधतायत. काही पेशंटवर तपासूनही बघतायत. पण खात्रीनं देण्यासारखं अजून काही हाती नाही. अँटिबायोटिक आहे, सलाईन आहे, जखम साफ ठेवायची. आणि कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही."

शोधतायत म्हणजे कधी मिळणार? हे मी नर्सला विचारलं, मेडिकलवाल्यालाही विचारलं. शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं, पण हे वाचले.

घरी आणल्यावर कळंबहून ह्यांचे चुलते, तात्या, केळी घेऊन आले. पायरीवरच त्यांना खोकल्याची उबळ आली. मी दारात आडवी उभी राहिले.

"तात्या, आत येऊ नगा."

"आगं, मी काय परका हाय व्हय?"

"न्हाय वो. पर ह्यांच्या अंगात झुंजायला अजून ताकद न्हाय."

केळी ओट्यावर ठेवून तात्या तसेच फिरले. आतून ह्यांनी सगळं ऐकलं होतं. "चुलत्याला दारातनं घालवलंस," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

आता हे रानात जातात, पायात बूट घालून. तात्यांचा राग गेला. मी मात्र निवांत झाले नाही. परवा भिगवणला जाताना एसटीत मागं कुणीतरी शिंकलं. मी ह्यांना उठवून पुढच्या बाकावर बसवलं.

"आता बास कर की," हे वैतागले.

मी खिडकीची काच सरकवून उघडली.