डाव्या चाकाची पिन

हातखंब्याच्या तिठ्यावर महिपत शिगवणचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे, गाडीखाली उतरायला एक खड्डा आणि जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवलेली हत्यारांची पेटी. पण माणसाच्या हाताला गुण होता. मुंबईच्या वर्कशॉपात बारा वर्षं काढून तो गावी परतला, तेव्हा त्याच्याकडे पहिली गाडी आणली ती पावसच्या आत्माराम भाटकरने. आत्मारामची जुनी अँबॅसडर पावस-रत्नागिरी टॅक्सी म्हणून फिरायची. वयाने तो सहा वर्षांनी मोठा, तरी दोघांत अरेतुरे. "माझ्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाय," असं तो स्टँडवर सगळ्यांना ऐकवायचा.

१९८३च्या एप्रिलात ब्रेक मारला की ही गाडी डावीकडे ओढायला लागली. महिपतने पुढची चाकं उतरवून पाहिली. ब्रेकच्या ड्रमांना आतून खोल चरे पडले होते. लेथवर घासून घेण्याइतकीही जाडी उरली नव्हती. कोल्हापूरहून नवे ड्रम मागवले. ते आले त्या सकाळीच त्याने काम काढलं. बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली, उजेडात फिरवून पाहिली, तळहातावर ग्रीस घेऊन दाबून दाबून भरलं. उजवं चाक बसलं. डाव्या चाकाचा नट आवळला आणि तो फिरू नये म्हणून घालायची पिन वाकवायला गेला, तर ती तुटली. दुसरी पिन पेटीत नव्हती.

रत्नागिरीला जाऊन यायचं तर दीड-दोन तास. आत्मारामला दुपारी फणसोपहून वऱ्हाड उचलायचं होतं. बाकावर बसून तो सारखा घड्याळ बघत होता.

"झाला काय रे?"

"झाला, झाला."

महिपतने तारेचा तुकडा दुहेरी करून नटातून ओवला, पिळला आणि वर टोपण ठोकलं. उद्या पिन आणून घालू, असं मनाशी ठरवलं. आत्मारामला तेवढं सांगायला हवं होतं. पण "तारेवर चालवायला देतोस मला गाडी?" हे त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी घाटात बंद पडलेला एक ट्रक आला आणि महिपत त्यात गुंतला. पाचव्या दिवशी सकाळी गोळपच्या उतारावर अँबॅसडरचं डावं चाक ड्रमासकट निखळलं. गाडी रस्त्याकडेच्या गडग्याच्या दगडांवर आदळली. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, एवढंच नशीब. आत्मारामच्या उजव्या कोपराचा चुरा झाला.

महिपत धावत इस्पितळात गेला तेव्हा हवालदार जबाब लिहून घेत होता. "कुत्रा आडवा आला," आत्माराम सांगत होता, "मी गाडी जोरात वळवली नि चाक निसटला." महिपत दारातच उभा राहिला. तोंड उघडायचं तर ते तेव्हाच. त्याने उघडलं नाही.

गाडी त्याने ओढून आणली, महिनाभर खपून पुन्हा उभी केली. रस्त्यावरून गाडीबरोबर आणलेल्या टोपणात नट सापडला. तार कुठेच नव्हती. लोक म्हणायचे, मित्र असावा तर महिपतसारखा. तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा.

आत्मारामचा हात पुन्हा वाकलाच नाही. दिवाळीनंतर त्याने गाडी विकली आणि दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखणीला राहिला. महिपत आधी दर महिन्याला जायचा, मग सणासुदीला, मग तेही सुटलं. तिसऱ्या वर्षी त्याने सगळं बायकोला, राहीला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

तो पावसला गेला. आत्माराम बागेतल्या मांगराच्या खोपटापुढे डाव्या हाताने विडी ओढत बसला होता. महिपतने बसण्याआधीच सांगून टाकलं.

"पिन नव्हती. तार घातली होती मी."

"ठावूक हाय." आत्मारामने विडी विझवली. "टोपण रस्त्यातच पडला होता. पोलीस यायच्या आधी तार मीच उचलून खिशात घातली."

"मग मला बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. इस्पितळात वाट बघितली, घरी वाट बघितली. वरीसभर बघितली. मग सोडून दिला."

महिपतने त्याच्या पायांकडे हात नेला, तर आत्मारामने पाय मागे घेतले. रागाने नव्हे, अंगावरून मुंगळा झटकावा तितक्या सहज. आत्मारामची बायको आनंदीबाई चहा घेऊन आली.

"घ्या, महिपतराव," आत्माराम म्हणाला. "चहा निवेल."

इतक्या वर्षांत त्याने महिपतला कधी 'राव' लावलं नव्हतं.

महिपत त्यानंतरही चार-पाच वेळा जाऊन आला. आत्माराम नीट बोलायचा, मुलांची चौकशी करायचा, निरोप द्यायला बागेच्या फाटकापर्यंत यायचा. गाडीचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही आणि अहोजाहोही सोडलं नाही. अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात नवराबायको मंडणगडला मुलीकडे कायमची राहायला गेली. महिपतला ते आठवड्याने एका कंडक्टरकडून कळलं. एसटी तिठ्यावर दहा मिनिटं थांबली होती, कंडक्टर सांगत होता. म्हातारी पाणी भरून घ्यायला खाली उतरली, म्हातारा खिडकीशी बसून होता. महिपत त्या वेळी पत्र्याखालीच होता, कोणाच्या तरी जीपचं चाक काढत.