यादीतली तिसरी ओळ

स्कॅनर तापला की त्यातून करपट धुळीचा वास येतो आणि मला छावणी भागातला आमचा फोटो स्टुडिओ आठवतो. बाबांनी अजिंठ्याच्या सहलीचे जुने सगळे फोटो स्कॅन केले होते. फाइलच्या नावात ते जागा सोडायचे नाहीत, दोन शब्दांमध्ये टिंब द्यायचे. त्यांना भिंतीवर लावायला नावांची यादी हवी होती, मागचं डॉट जेपीजी काढून टाकलेली. मी ऐटीत कोड लिहिला, पण तो प्रत्येक नाव पहिल्याच टिंबापाशी तोडत गेला आणि कागदावर ओळीनं नुसतं अजिंठा, अजिंठा, अजिंठा उमटलं. बाबा चिडले नाहीत. फोटोंचा क्रम त्यांना पाठ होता. चष्मा सारखा करून त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “ह्यो पुलावरचा. ह्यो तुझ्या मामाचा, माकडानं टोपी नेली तव्हाचा. अन् ह्यो तुझ्या मायचा. लई रुसली व्हती त्या दिवशी, कारण...” मला चुकल्याची लाज वाटत होती. “थांबा बाबा, झालंच,” म्हणत मी कोडला शेवटच्या टिंबापाशी तोडायला लावलं आणि नवा कागद त्यांच्या हाती दिला. “आता बराबर हाय,” म्हणून ते गिऱ्हाइकाकडं वळले. आज आईही नाही, बाबाही नाहीत. यादी माझ्याकडं आहे, तिच्यात एकही नाव तुटलेलं नाही. तिसऱ्या ओळीत लिहिलंय, अजिंठा.आई.रुसलेली. ती का रुसली होती, ते बाबा सांगतच होते.